पान एकशे बारा, जुनी आवृत्ती

नाना, तुम्ही जाऊन तेरा दिवस झाले आणि माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं वंदना म्हणते. मी तिला म्हटलं, हा राग चौदा महिन्यांचा आहे, तेरा दिवसांत कसा जाईल? ती म्हणाली, "तुम्ही त्याचाही हिशोब ठेवलाय?" ठेवलाय. तुम्हाला माहीत आहे मी कसा आहे.

तुमच्याबद्दल पेपरात जे यायचं ते आलं. किती मोर्चे, किती वेळा अटक, कोणत्या गावाला कोणतं पाणी मिळवून दिलं. त्यातले दोन आकडे चुकीचे आहेत, पण मी पत्र पाठवलं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "काय सेंटीमीटर, झोप लागंनी का आज?"

सेंटीमीटर हे नाव तुम्हीच दिलंत. माझी नोकरी विहिरींची पाणीपातळी मोजायची. टेप सोडायची, ओली खूण बघायची, वहीत लिहायचं, पुढच्या विहिरीवर जायचं. मी तुम्हाला एकदा सांगितलं होतं की आम्ही सेंटीमीटरपर्यंत लिहितो. त्या दिवसापासून पाचोऱ्यापासून शिंदखेड्यापर्यंतचे तुमचे सगळे कार्यकर्ते मला त्याच नावाने ओळखू लागले. माझं खरं नाव त्यांतल्या निम्म्यांना माहीत नसावं.

आपली ओळख पाचोरा स्टेशनच्या बाकावर झाली. तुम्ही पत्रकं वाटत होतात, टँकरच्या खेपांबद्दलची. मी पॅसेंजरची वाट बघत बसलो होतो, एक पत्रक हातात आलं, वाचलं आणि तुमच्याकडे परत आलो. म्हटलं, "तिसऱ्या रकान्याची बेरीज चुकली आहे." तुमच्याबरोबरचे दोघे माझ्याकडे असे बघायला लागले की मी विरोधी पक्षाने पाठवलेला माणूस आहे. तुम्ही मात्र चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, "मंग बरोबर कितला शे?" मी सांगितलं. तुम्ही खिशातून पेन काढलं आणि उरलेल्या सगळ्या पत्रकांवर, एकेका पत्रकावर, हाताने आकडा दुरुस्त करायला बसलात. मीही बसलो. माझी गाडी गेली. पुढच्या गाडीला तुम्ही एक पत्रक उलटं करून, चार तुकडे करून, त्यातल्या एका तुकड्यावर काहीतरी लिहिलंत आणि माझ्या हातात दिलंत. एका पुस्तकाचं नाव होतं आणि खाली पान ४१.

ती पहिली चिठ्ठी. तुम्ही दिलेल्या चिठ्ठ्या एकूण त्र्याहत्तर. सगळ्या माझ्याकडे फायलीत आहेत, क्रमाने, मागे तारखा घालून. पुस्तकांची नावं इथे लिहीत नाही. नावं लिहिली की लोक नावांवरच वाद घालतात, हे तुमचंच म्हणणं.

कोणाला पुस्तक सुचवताना तुम्ही ते चांगलं आहे, वाईट आहे, काही सांगत नव्हतात. फक्त नाव आणि पानाचा नंबर. "तठून सुरू कर. धरी ठेवं तर मंग पहिल्या पानवर जाय." मधूनच सुरू करायचं आणि पुस्तकाने धरून ठेवलं तर मग मागे जायचं, हा तुमचा नियम. सुरुवातीपासून वाचणारे लोक प्रस्तावनेतच झोपतात असं तुम्ही म्हणायचात. मला हे कधी पटलं नाही. पुस्तक लिहिणाऱ्याने पान एक पहिलं का ठेवलं असेल, याला काही कारण असेल की नाही? मी मिळालेल्या सदुसष्टपैकी सहासष्ट पुस्तकं पहिल्या पानापासून सुरू केली आणि दर वेळी आपलं भांडण झालं. धुळ्याला तुमच्या ओसरीवर, अक्कांनी चहा आणून ठेवलेला, तुम्ही म्हणणार, "काय सेंटीमीटर, कितला पानं व्हयनात?" आणि मी म्हणणार, "अजून तुमच्या पानापर्यंत पोचलो नाही." तुम्ही कपाळाला हात लावणार. अक्का आतून म्हणणार, "वाचू द्या ना त्याले त्याना हिशोबतीन."

यादी सांगून टाकतो. पूर्ण वाचलेली अठ्ठावन्न. अर्धवट सोडलेली आठ. न मिळालेली सहा. आणि एक असं, ज्याचं मी फक्त एक पान वाचलं.

त्या एका पानाबद्दलच हे सगळं आहे.

तुम्हाला आठवण करून द्यायची गरज नाही, पण बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी लिहितो. शिंदखेड्याच्या अलीकडे एक गाव, गावाबाहेर एक कारखाना, कारखान्याला आणखी बोअर घ्यायला परवानगी हवी होती. गावाचं म्हणणं होतं की आमची विहीर खाली चालली आहे. कारखान्याचं म्हणणं होतं, पुरावा दाखवा. तुम्ही मला म्हणालात, सुट्टीच्या दिवशी येऊन मोजत जा. मी दर तीन महिन्यांनी एका रविवारी गेलो. जळगावहून सकाळची एसटी, एरंडोल, पारोळा, धुळे, तिथून तुमच्या कार्यकर्त्याच्या मोटरसायकलवर पुढे. अकरा वेळा. ती विहीर माझ्या ऑफिसच्या यादीत नव्हती. टेप माझी, वही माझी. विहिरीवर दर वेळी रामदासआबा हजर असायचे, त्यांच्या शेताला लागून ती विहीर. मी आकडा लिहिला की ते विचारायचे, "कितला?" मी सांगायचो. ते म्हणायचे, "खाली गयं." आणि घराकडे वळायचे. तीन वर्षांत आमचं याहून जास्त बोलणं झालं असेल असं वाटत नाही.

मग सुनावणी लागली. शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, समोर टेबल, टेबलामागे अधिकारी. तुम्ही आदल्या दिवशी मला एवढंच सांगितलंत की नाव पुकारतील, उठायचं, अकरा नोंदी वाचायच्या, बसायचं. मी तयार होतो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. वही मांडीवर होती.

पहिल्या रांगेत माझे साहेब बसले होते. मला माहीत नव्हतं ते येणार आहेत. त्यांनी मला बघून मान हलवली, नेहमीसारखी. रागाने नाही. पण माझ्या डोक्यात हिशोब सुरू झाला. परवानगी न घेता मोजणी. खाजगी टेप. आणि त्यात सातवी नोंद. सातव्या वेळी मला ताप होता, टेप मी सोडली, पण ओली खूण वाचून आकडा लिहिला तुमच्या कार्यकर्त्याने. अक्षर माझं नाही. म्हणजे अकरातली एक नोंद मी शपथेवर माझी म्हणू शकत नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मी हेच सगळं मनात मांडत होतो. दुसऱ्यांदा पुकारलं. तुम्ही मागे वळून पाहिलंत. मी वहीकडे पाहत राहिलो. मग पुढचं नाव पुकारलं.

रामदासआबा माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांनी वहीकडे पाहिलं आणि उठून बाहेर गेले.

परतीच्या रस्त्यावर तुम्ही एकदाच बोललात. "अकरापैकी दहा तरी बरोबर शेतस ना?" मी म्हटलं, एक चूक असली की सगळ्यावर शंका येते. तुम्ही म्हणालात, "तुना आकडा बरोबर शे भो. पन तू कोठे शे?" आणि मी धुळे येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होतो. हे भांडण अजून संपलेलं नाही, नाना. मी अजूनही म्हणतो की पुरावा सगळा स्वच्छ पाहिजे. फक्त आता मला हेही माहीत आहे की त्या दिवशी मी पुराव्यासाठी बसून राहिलो नव्हतो. साहेबांसाठी बसून राहिलो होतो. सातवी नोंद मला आयती सापडली.

आठवड्याने मी तुमच्याकडे आलो. ओसरीवरच उभा राहून विचारलं, "नाना, मी चुकलो का?" आयुष्यात पहिल्यांदा मी तुम्हाला असा प्रश्न विचारला होता की ज्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर पुरे होतं. एक अक्षर चाललं असतं. तुम्ही खिशात हात घातलात, पत्रक काढलंत, चार तुकडे केलेत. मी म्हटलं, "नाना, पुस्तक नको. उत्तर द्या." तुम्ही लिहीतच राहिलात आणि म्हणालात, "माले भाषण देता येस. उत्तर देता येत नही."

तुमचं हे वाक्य मी त्या दिवसापासून शंभर वेळा आठवून चिडलो आहे. हजारो लोकांसमोर ध्वनिक्षेपकाशिवाय बोलणारा माणूस, आणि ओसरीवरच्या एका माणसाला दोन शब्द सांगता येत नाहीत?

चिठ्ठीवर एका सूतगिरणीतल्या टाइमकीपरच्या आत्मकथनाचं नाव होतं. पान ११२. तुम्ही म्हणालात, "मनी प्रत बाइंडिंगले दियेल शे. जळगावले वाचनालयमा भेटी जाई." तुमची प्रत बाइंडिंगला होती. तुमच्याकडे असलेली पुस्तकं तुम्ही आजवर कपाटातूनच काढून देत होतात, त्यातलं हे एकच बाहेरून आणायला सांगितलंत. मी आणलं. आणि त्र्याहत्तर पुस्तकांत पहिल्यांदा तुमचं ऐकलं. पहिलं पान उघडलंच नाही. सरळ ११२ काढलं.

तिथे हजेरीच्या रजिस्टरची गोष्ट होती. गिरणीतल्या अपघाताची चौकशी चालू आहे, रजिस्टर सांभाळणारा एक कारकून आहे, त्या दिवशी कामावर कोण होतं हे त्या रजिस्टरात नीट लिहिलेलं आहे, आणि चौकशीत नाव पुकारल्यावर तो खाली मान घालून बसून राहतो. लेखक त्याच्याबद्दल फार कडवट लिहितो. असा माणूस रजिस्टर लिहितो तरी कशाला, असं विचारतो. त्याच्याबरोबर पुन्हा चहा घेतला नाही, असं सांगतो. पान तिथे संपतं. मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी परत केलं.

झालं, म्हटलं. उत्तर मिळालं. तोंडाने सांगण्याचीही लायकी ठेवली नाही माझी, छापील पाठवलं.

मी येणं बंद केलं. तुम्ही दोनदा फोन केलात. पहिला मी उचलला नाही. दुसरा वंदनाने उचलला. मी समोर बसलो होतो. ती फोनवर हात ठेवून म्हणाली, "नाना विचारतायत, ते पान काढलं का?" मला इतका राग आला की मी म्हटलं, "सांग, काढलं. वाचलं. समजलं." तिने तसंच सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात म्हणे आणि ठेवलात. त्यानंतर फोन नाही. चौदा महिने. मग फोन आला तो अक्कांच्या भाच्याचा, सकाळी सातला, आणि मी चहाचा कप ओट्यावर ठेवला तो संध्याकाळपर्यंत तिथेच होता.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी धुळ्याला आलो. अक्का तुमच्या कपाटासमोर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "कॉलेजवाला पुस्तकं मांगी ऱ्हायनात. यादी कर. तुन्याशिवाय कोनले जमाव नही." मला बरं वाटलं. कोणी काम सांगितलं की मला शोक करता येतो. मी दोन दिवस बसून यादी केली. एक हजार एकशे शेहेचाळीस. तुमची कितीतरी माझ्याकडे राहून गेलेली आहेत, ती वेगळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाइमकीपरचं पुस्तक हाताला लागलं. मरून रेक्झिनचं नवं बाइंडिंग, अक्षरं सोनेरी. तुमच्या सगळ्या पुस्तकांचं बाइंडिंग युसुफभाई करायचे, चौकापलीकडे ज्यांचं छोटं दुकान आहे ते. मी ते यादीत लिहिलं आणि ठेवून देणार होतो. पण हात थांबेना. ११२ काढलं.

ते ते पान नव्हतं.

मला आधी वाटलं डोळे थकलेत. पुन्हा नंबर पाहिला. एकशे बारा. त्याच माणसाचं पुस्तक, तेच नाव. पण इथे कारकुनाची निंदा नव्हती. इथे टाइमकीपर सांगत होता की मागे मी ज्या कारकुनाबद्दल लिहिलं, खाली मान घालून बसलेल्या, तो दुसरा कोणी नव्हता, मीच होतो. मला माझ्याबद्दल लिहायचं धाडस नव्हतं म्हणून मी त्याला परका माणूस केलं. आणि मग सांगत होता की दोन वर्षांनी एका सकाळी त्याने तेच रजिस्टर पिशवीत घातलं, एकट्याने जाऊन टेबलावर ठेवलं आणि म्हणाला की यातली हजेरी अजून खरी आहे. पुढे काय झालं ते पुस्तकात नाही. पुढचं प्रकरण थेट मुलीच्या लग्नाचं आहे. असल्या लेखकांचाही मला राग येतो.

मी मागे चाळलं. मी वाचलेलं पान तुमच्या प्रतीत ८८ वर होतं. एकशे बारामधून अठ्ठ्याऐंशी गेले, चोवीस. वाचनालयातली दुसरी आवृत्ती होती, नाना. तिला कोणा मोठ्या माणसाची चोवीस पानांची नवी प्रस्तावना जोडली होती आणि पानांचे नंबर तिथपासून सुरू केले होते. तुमचं पान तिथे एकशे छत्तीस होतं.

चोवीस पानं. मी रोज सकाळी चहाबरोबर तीस वाचतो. बाकीची सहासष्ट सुरू केली तशी हेही पहिल्या पानापासून वाचलं असतं, तर चार-पाच दिवस उशिरा का होईना, तुमच्या पानावर पोचलो असतो. एकदा तुमचं ऐकलं, आणि हे झालं. आणि मी, जो तुमच्या पत्रकातली बेरीज स्टेशनवर उभा राहून तपासतो, त्याने आवृत्ती तपासली नाही. ऑफिसात नवी टेप आली तर जुनीशी जुळवून बघितल्याशिवाय मी विहिरीत सोडत नाही.

तेवढ्यात युसुफभाई आले, तुमची राहिलेली दोन पुस्तकं परत द्यायला. मी मरून पुस्तक दाखवून विचारलं, हे तुमच्याकडे कधी होतं? ते म्हणाले, "ये तो दो महिना मेरे पास पडा था साहब. सुनावनी के पहले दिए थे नाना. मी म्हटलं, नाना, गर्दी आहे कामाची. ते म्हणाले, आरामसे कर." मग त्यांनी पुस्तक हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला. "कटिंग थोडी जास्त झाली. नाना ने डांटा था."

कटिंग. मी पान पुन्हा उघडलं. बाजूच्या समासात पेन्सिलची उभी रेघ होती आणि रेघेशेजारी दोन अक्षरं, त्यातलं दुसरं कापणीत अर्धं गेलेलं. पण वाचता येत होतं. से. मी.

अक्षर कापणीत गेलं म्हणजे बाइंडिंगच्या आधीचं. बाइंडिंग सुनावणीच्या आधी दिलेलं. म्हणजे तुम्ही ती खूण मी खाली मान घालायच्या आधीच केली होती. तुम्हाला माहीत होतं, नाना? मी उठणार नाही हे तुम्हाला आधीच माहीत होतं, आणि तरी तुम्ही माझं नाव साक्षीदारांच्या यादीत घातलंत? की सहज वाचताना माझी आठवण झाली, हजेरीचं रजिस्टर बघून, एवढंच? मी दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं. दोन्ही बाजू सारख्या भरतात. हे आता कोणाला विचारायचं?

मी अक्कांना सगळं सांगितलं. चिठ्ठी, आवृत्ती, फोन. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते म्हनेत, वाचीसन बी उना नही." वाचूनसुद्धा आला नाही. चौदा महिने तुम्ही हे म्हणत होतात. तुम्हाला वाटत होतं की मी ते पान वाचलं, मला समजलं, आणि तरी मी वही पिशवीत घालून निघालो नाही. मला वाटत होतं की तुम्ही माझं तोंड बघायला तयार नाही. एकाच शहराच्या दोन टोकांना नव्हतो आपण, पण मध्ये अडीच तासांची एसटी होती एवढंच. कोणीही एकाने तोंड उघडलं असतं तर.

तुम्ही कितीही मोठे असा, चूक निम्मी तुमची आहे. निम्मी माझी. मी नीट वाटणी केली आहे. "उशीर झाला तरी जा" हे चार शब्द ओसरीवर म्हटले असतेत तर मी गेलो असतो की नाही, खात्रीने सांगता येत नाही. पण मी काय करायचं हे मला कळलं असतं. त्या काळात कारखान्याच्या परवानगीविरुद्ध गावाने अपील केलं, तिथे पुराव्याचे कागद मागितले गेले, आणि तुम्ही माझ्याकडे माणूस पाठवला नाहीत, कारण तुम्हाला वाटलं मी नकार दिलाय. गावाकडे दाखवायला एकही आकडा नव्हता. वही माझ्या टेबलाच्या खणात होती.

रविवारी शोकसभा झाली. कार्यकर्त्यांनी मला आधीच सांगितलं होतं की तुम्ही बोला, नानांनी सुचवलेल्या पुस्तकांवर. पाच मिनिटं. सगळ्यांना माहीत होतं चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. मी फाईल घेऊन गेलो. माझ्या आधी सात जण बोलले. सगळे छान बोलले. तुम्हाला दोघांनी वटवृक्ष म्हटलं, तुम्हाला आवडलं नसतं.

मी उठलो. उठायला जमतं, नाना, ते मी आधी बघून घेतलं. मी सांगितलं की नानांनी मला त्र्याहत्तर पुस्तकं सुचवली, त्यातलं एक मी चुकीच्या पानावर वाचलं. कसं वाचलं तेही सांगितलं. काही जण हसले. मग मी फाईल खाली ठेवली, पिशवीतून वही काढली आणि म्हटलं, ही त्या गावच्या विहिरीची वही आहे. आणि अकरा नोंदी वाचल्या. तारीख, आकडा. तारीख, आकडा. सातवी आली तेव्हा सांगितलं, हे अक्षर माझं नाही, मला ताप होता, टेप मी सोडली होती, आकडा दुसऱ्याने लिहिला. मग आठवी वाचली.

सभेत कोणाला काय करावं कळेना. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. मागच्या रांगेतून रामदासआबा उठले. धोतराचा सोगा हातात, टोपी काढलेली. म्हणाले, "आते सांगी ऱ्हायना का?"

मी म्हटलं, "हो आबा. आत्ता."

"मास्तर ऱ्हायता तवय सांगता तर."

आबा तुम्हाला मास्तर म्हणायचे हे मला त्या दिवशी कळलं. मी उभाच राहिलो. आबा पुढे आले, वही माझ्या हातातून घेतली, पहिलं पान उलटलं, शेवटचं पान उलटलं. वाचता येतं की नाही कोण जाणे, मी कधी विचारलं नाही. मग वही परत देत म्हणाले, "पुढला महिनामा अपीलनी तारीख शे. येशील?"

"येईन."

"मागला टाइमले बी येल व्हता तू."

लोक हसले. मीही हसलो असतो, पण जमलं नाही. मी म्हटलं, "आबा, माझं नाव पुकारू देऊ नका. आल्या आल्या मीच उठतो."

सोमवारी ऑफिसात अर्ज दिला. एक दिवसाची रजा. कारण या रकान्यात बाकीचे लोक घरगुती काम लिहितात. मी लिहिलं, अपिलाच्या सुनावणीत विहिरीच्या अकरा नोंदी सांगणे, नोंदी स्वतः घेतलेल्या, परवानगी न घेता. साहेबांनी वाचलं, मला बघितलं, अर्ज ट्रेमध्ये ठेवला. अजून सही झालेली नाही. सही झाली नाही तरी जाणार आहे. वंदनाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आणि नोकरीचं?" मी म्हटलं, बघू. मग भाकरी थापता थापता ती म्हणाली, "नानांना तुम्ही एक फोन करायला हवा होता." हे ती तेरा दिवसांत चौथ्यांदा म्हणाली. बरोबर आहे.

काल अक्कांकडून तुमची मरून प्रत मागून आणली. कॉलेजच्या यादीतून ते एक पुस्तक मी कमी केलं आहे, आता एक हजार एकशे पंचेचाळीस. एकशे बारापासून पुढे वाचून संपवलं. आता पहिल्या पानावर आलो आहे. तुमच्या पद्धतीने, मधून सुरू करून मागे. पुस्तकाने धरून ठेवलं. एवढं मान्य करतो, जास्त नाही.

पद्धत चुकीचीच आहे, नाना. ज्याच्या हातात दुसरी आवृत्ती येईल त्याचं काय? मी फायलीतली त्र्याहत्तरावी चिठ्ठी काढली आणि तुमच्या ११२ च्या खाली माझ्या पेनने लिहिलं, "जुनी आवृत्ती." दोन शब्द. चिठ्ठीवर त्याला भरपूर जागा होती.